नेल टेक्निशियनचा कोर्स : फी भरण्याआधी काय पाहायचं?

बारावी झाली, आता पुढे काय? या प्रश्नाला पूर्वी आपल्या घरांत दोन-तीन ठरलेली उत्तरं होती. डी.एड., शिवणक्लास, नाहीतर मेहंदीचा क्लास. आता आणखी एक उत्तर ऐकू येतं, नेल टेक्निशियन. नखांची निगा राखणं, जेल पॉलिश लावणं, कृत्रिम नखं बसवणं, त्यावर नक्षी काढणं आणि महिन्याभराने ते सगळं नीट उतरवून देणं, असं हे काम. मेहंदी चांगली काढणाऱ्या मुलींचा याकडे ओढा असतो आणि ते साहजिकच आहे. हात स्थिर, नजर बारीक, समोर बसलेल्या बाईशी तासभर गोड बोलायची सवय, हे भांडवल त्यांच्याकडे आधीच असतं.

पनवेलमध्ये या कामाला जागा आहे हे खरं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये इथे महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा सगळा भाग नोकरदार कुटुंबांनी भरला. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये धावू लागली आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानंही उडू लागली. नोकरी करणाऱ्या बायका वाढल्या की पार्लर वाढतात, आणि पार्लरमध्ये आता नखांसाठी वेगळं टेबल असतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. एखाद्या कामाची हवा झाली की ते काम करणाऱ्यांच्या आधी ते शिकवणाऱ्यांची दुकानं वाढतात.

माझ्याकडे दहावीपर्यंत शिकलेल्या एका मुलीने अम्मीच्या भिशीचे पैसे घालून असाच एक कोर्स केला. दहा दिवसांचा. सराव सगळा प्लॅस्टिकच्या हातावर. जिवंत माणसाच्या बोटावर तिने पहिल्यांदा काम केलं ते चुलत बहिणीच्या निकाहच्या आदल्या दिवशी. तीन दिवसांत जेल कडेने सुटलं आणि बहिणीच्या नखांभोवतीची कातडी लाल होऊन खाजू लागली. संस्थेला विचारलं तर उत्तर मिळालं, ‘तुमच्या मुलीने नीट लावलं नसेल.’ पावतीवर ‘फी परत मिळणार नाही’ असं छापलेलं होतं. विषय संपला. मुलगी हुशार आहे, आजही आहे. तिला जे शिकवायला हवं होतं ते शिकवलंच गेलं नव्हतं.

म्हणून आधी हे काम मुळात काय आहे ते पाहू. ते कळलं की कोर्स पारखणं सोपं जातं.

साधी नेलपॉलिश हवेत वाळते. तिच्यातला द्रव उडून जातो आणि रंगाचा पापुद्रा मागे राहतो. जेल पॉलिश तशी वाळत नाही. लॅम्पच्या अतिनील किरणांखाली तिच्यात रासायनिक क्रिया होते, छोटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट थर तयार होतो. थर जाड लावला, लॅम्प कमी ताकदीचा असला किंवा वेळ कमी दिला, तर वरून कडक दिसणारं जेल आतून कच्चं राहतं. हे कच्चं जेल कातडीला लागत राहिलं की ॲलर्जी होऊ शकते. ॲक्रिलिकमध्ये लॅम्प लागत नाही. तिथे एक द्रव आणि एक पावडर ब्रशवर एकत्र येतात आणि काही मिनिटांत दगडासारखी घट्ट होतात. त्याचा वास उग्र असतो. घासताना धूळही उडते.

या ॲलर्जीला हसण्यावारी नेऊ नका. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जेल आणि ॲक्रिलिक नखांमुळे होणाऱ्या ॲलर्जीबद्दल जाहीर इशारा दिला होता. मेथाक्रिलेट जातीच्या रसायनांची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि त्याच जातीची रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये आणि हाडांच्या ऑपरेशनच्या सिमेंटमध्येही असतात. म्हणजे विसाव्या वर्षी केलेला निष्काळजीपणा पन्नासाव्या वर्षी दवाखान्यात आडवा येऊ शकतो. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा या रसायनाजवळ येतं. तुमची मुलगी रोज, दिवसभर. म्हणून माझ्या लेखी कोणत्याही कोर्सची पहिली परीक्षा हीच : पहिल्या आठवड्यात मुलीला डिझाईन शिकवतात की स्वतःचा बचाव?

बचाव म्हणजे काय? जेल कातडीला लागू न देता क्युटिकलपासून केसभर अंतर सोडून लावणं. लॅटेक्सचे नाहीत तर नायट्राइलचे हातमोजे, आणि तेही वेळोवेळी बदलणं. घासताना मास्क, टेबलावर धूळ ओढणारं मशीन, खोलीत खेळती हवा. बाटलीवरचं लेबल वाचता येणं. ‘हेमा’ नावाचा घटक असलेली नखांची उत्पादनं युरोपात फक्त व्यावसायिकांच्याच वापरासाठी आहेत. ‘टीपीओ’ नावाचं, जेल कडक करणारं रसायन १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपात सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी आहे. ‘एमएमए’ हा द्रव स्वस्त म्हणून ॲक्रिलिकमध्ये वापरला जायचा. अमेरिकेत १९७० च्या दशकात तक्रारी आल्यावर तिथल्या प्रशासनाने त्याची काही उत्पादनं बाजारातून काढायला लावली होती. शिकवणाऱ्या मॅडमला ही तीन नावं विचारून बघा. त्यांना सगळं रसायनशास्त्र यायला हवं असं नाही, पण ही नावं ऐकून त्या ‘असलं काही नसतं हो’ म्हणाल्या, तर मला तिथे माझी मुलगी पाठवायची इच्छा होणार नाही.

दुसरी परीक्षा नखाचीच. नख कुठून वाढतं, त्याचं मूळ कुठे असतं, हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं म्हणून दोन-तीन आठवड्यांनी रिफिल का लागतं, हे शिकवतात का? ड्रिल मशीन जोरात चालवून नख पातळ केलं तर ते पूर्ण नव्याने यायला चार-सहा महिने लागतात. आणि सर्वात महत्त्वाचं, कोणत्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं? नख पिवळं पडून जाड झालंय, हिरवट डाग आहे, कडेला पू आहे, तर वर जेल लावून झाकायचं नसतं, डॉक्टरकडे पाठवायचं असतं. मधुमेह असलेल्या बाईच्या पायाला पेडिक्युअर करताना छोटासा कापही महागात पडतो. आपल्या घराघरांत शुगर आहे, त्यामुळे हे वेगळं सांगायला नको.

हत्यारांची स्वच्छताही याच खात्यात येते. धातूची हत्यारं आधी साबणाने घासून धुवायची, मग जंतुनाशकात ठरलेला वेळ बुडवायची. कागदी फाईल आणि बफर धुता येत नाहीत, ते एका गिऱ्हाइकाचं झालं की टाकून द्यायचे. निळा दिवा लागलेल्या पेटीत हत्यारं ठेवली म्हणजे ती निर्जंतुक झाली असं सांगणारी संस्था असेल, तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

आता पैशाचं बोलू. जाहिरातीत फी आणि दिवस लिहिलेले असतात. तुम्ही तास मोजा. समजा एका ठिकाणी ३०,००० रुपये फी, १५ दिवस, रोज ३ तास. म्हणजे ४५ तास, तासाला साधारण ६६७ रुपये. दुसरीकडे ४५,००० रुपये, ३० दिवस, रोज ४ तास. म्हणजे १२० तास, तासाला ३७५. महाग वाटणारा कोर्स स्वस्त निघाला. पण हिशेब इथेच थांबवू नका. त्या तासांपैकी मुलीच्या हातात ब्रश किती वेळ असणार? दहा मुली आणि दोन लॅम्प असतील, तर निम्मा वेळ बघण्यात जातो. मॅडम करून दाखवतात, मुली मोबाइलवर व्हिडिओ काढतात, आणि वाटतं शिकलो. बघून भाकरी थापता येत नाही, तसंच हे.

म्हणून नेमकं विचारा : कोर्स संपेपर्यंत मुलगी किती जिवंत हातांवर पूर्ण सेट करणार? एकमेकींच्या हातावर किती, बाहेरून आलेल्या मॉडेलवर किती? मॉडेल संस्था आणते की मुलीने आणायची? लावण्याइतकाच सराव उतरवण्याचा होतो का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. ॲसिटोनमध्ये भिजवून, नखाचा थर न सोलता जेल उतरवणं हे नुसतं साफसफाईचं काम नाही, कसबाचं आहे. गिऱ्हाईक पुन्हा येणार की नाही ते तिथे ठरतं.

किटचंही तसंच. ‘फ्री किट’ हा शब्द ऐकला की लोक खूश होतात. किट फुकट कधीच नसतं, ते फीमध्येच असतं. यादी मागून घ्या. लॅम्प किती वॅटचा, ड्रिल मशीन कोणत्या कंपनीचं, जेलच्या किती बाटल्या, त्या संपल्यावर बाजारात सहज मिळतात का. काही ठिकाणी संस्थेच्या स्वतःच्या लेबलचा माल देतात आणि नंतर तोच माल त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागणार आहे का, परीक्षा फी वेगळी आहे का, सर्टिफिकेटचे पैसे वेगळे आहेत का, हेही आधीच विचारा. शेवटच्या आठवड्यात ‘सर्टिफिकेट फी’ निघाली की आईबाप अडकतात.

सर्टिफिकेट या विषयावर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. बोर्डावर ‘शासनमान्य’ लिहिलेलं असतं. विचारलं तर उद्यम नोंदणीचा कागद दाखवतात. उद्यम नोंदणी म्हणजे लघुउद्योग म्हणून केलेली नोंद. ती ऑनलाइन, मोफत होते, पिठाच्या गिरणीलाही मिळते. शॉप ॲक्टचा कागदही तसाच, दुकान चालू असल्याची नोंद. ‘आयएसओ ९००१’ म्हणजे संस्थेच्या कामकाजाची पद्धत तपासलेली आहे, अभ्यासक्रम मान्य झालाय असं नाही. यातला एकही कागद तुमच्या मुलीच्या शिक्षणाला मान्यता देत नाही.

खरी मान्यता बघायची असेल तर विचारा : परीक्षा कोण घेतं आणि प्रमाणपत्र कोण देतं? देशात व्यवसाय शिक्षणावर देखरेख करणारी परिषद म्हणजे एनसीव्हीईटी. तिने मान्य केलेल्या संस्थाच राष्ट्रीय पातळीचं प्रमाणपत्र देऊ शकतात. सौंदर्य क्षेत्रासाठी ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल आहे, तिने मेनिक्युअर-पेडिक्युअर आणि नखांच्या कामासाठी अभ्यासक्रम ठरवून दिले आहेत. अशा कोर्सची परीक्षा शिकवणारी संस्था स्वतः घेत नाही, बाहेरचा परीक्षक येतो. प्रमाणपत्राची खातरजमा ऑनलाइन करता येते. संस्थेला सांगा, मागच्या बॅचच्या एखाद्या मुलीचं प्रमाणपत्र दाखवा. दाखवायला काचकूच केली तर समजून जा.

परदेशी नावंही कानावर येतील. सिडेस्को ही झुरिकची, १९४६ मध्ये स्थापन झालेली संघटना. सिबटॅक ब्रिटनचं. ही नावं वजनदार आहेत, पण त्यांची फीही वजनदार असते, आणि त्यांचे मोठे डिप्लोमा संपूर्ण ब्युटी थेरपीचे असतात. फक्त नखांचं काम पनवेलमध्ये करायचं असेल, तर इतका खर्च कशासाठी, हे स्वतःला विचारा.

सरकारी वाटा आपल्याकडे कोणी फारशा सांगत नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास लागते. त्यात केस, त्वचा, मेनिक्युअर, पेडिक्युअर असं सगळं येतं. नखांचं काम त्यातला एक तुकडा असतो, पण फी खासगी क्लासच्या मानाने फार कमी आणि प्रमाणपत्र पक्कं. प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात, जागांमध्ये मुलींसाठी ३० टक्के आरक्षण आहे. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, त्यामुळे पसंतीक्रम भरण्याआधी यादी नीट बघा. ज्या मुलींची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी जन शिक्षण संस्थान आहे, वय १५ ते ४५. रायगड जिल्ह्याचं संस्थान अलिबागला आहे. त्यांचे वर्ग गावोगावी भरतात, फी नाममात्र किंवा नसतेच. मोहल्ल्यातल्या वीस-पंचवीस बायका मिळून वर्ग मागायला गेल्या तर ऐकून घेतलं जातं. एकटीने फोन करण्यापेक्षा हे बरं.

माझं मत विचाराल तर, आधी स्वस्तात किंवा सरकारी वर्गात हात-पायांची निगा, स्वच्छता, मेनिक्युअर-पेडिक्युअरचा पाया पक्का करावा, मग तीन-चार महिने एखाद्या लेडीज पार्लरमध्ये मदतनीस म्हणून बसावं, आणि त्यानंतर एक्स्टेन्शनचा चांगला, महागडा कोर्स करावा. उलटं केलं तर डिझाईन येतं आणि नख हाताळता येत नाही. शिवाय त्या तीन-चार महिन्यांत कळतं की मान, पाठ, मनगट हे काम सोसतंय का. दिवसाला पाच गिऱ्हाइकं म्हणजे सात-आठ तास वाकून बसणं.

आखाती देशांत नातेवाईक असलेली घरं आपल्यात पुष्कळ. ‘तिकडे पाठवू, तिकडे पगार चांगला’ असा विचार असेल तर दोन गोष्टी आजच लिहून ठेवा. पहिली, दहावी सोडू नका. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट पडते, आणि अशा पासपोर्टवर सौदी, यूएई, कतार, ओमान, कुवेत, बहरीन अशा देशांत नोकरीला जायला महिलांसाठी किमान ३० वर्षं वयाची अट आहे. दहावी पास झाली तर ही अडचण राहत नाही. दुसरी, प्रमाणपत्राचं साक्षांकन करावं लागतं, आणि गल्लीतल्या क्लासच्या रंगीत कागदाचं ते होताना दमछाक होते. ‘व्हिजासकट कोर्स’ विकणाऱ्यांपासून लांब राहा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेला एजंट लागतो. ब्युटी क्लासला तो अधिकार नसतो.

आता तो प्रश्न, जो घरात विचारला जातोच. वुजूमध्ये पाणी नखापर्यंत पोहोचावं लागतं. पॉलिशचा किंवा कृत्रिम नखाचा थर पाणी अडवतो, म्हणून थर असताना वुजू होत नाही, असं उलेमा सांगतात. ‘पाणी आत जाऊ देणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिशबद्दल मतं वेगवेगळी आहेत. एक्स्टेन्शन लावणं आणि लावून देणं याबद्दलही घराने आपल्या आलिमांना कोर्सच्या आधी विचारावं, फी भरल्यावर नाही. मी शिक्षक आहे, मुफ्ती नाही. पण धंद्याच्या बाजूने एवढं सांगते : आपल्या समाजातली गिऱ्हाइकं पाळीच्या दिवसांपुरती पॉलिश लावतात. साधी पॉलिश घरी पुसता येते, जेल घरी नीट उतरत नाही. हे गिऱ्हाइकाला लावण्याआधी सांगणं टेक्निशियनचं काम आहे. जेलपेक्षा न रंगवलेल्या नखांची निगा, पायांची स्वच्छता, लग्नाआधीचं मेनिक्युअर आणि सोबत मेहंदी, याला आपल्याकडे बारमाही मागणी आहे. आणि प्रेस-ऑन नखं, म्हणजे घरी बसून मापानुसार बनवायची, रंगवायची, डबीत घालून विकायची आणि वापरणारीने हवी तेव्हा काढायची, हे काम ज्या मुलींना बाहेर जायला घरची मोकळीक कमी आहे त्यांनाही जमतं. कोर्समध्ये प्रेस-ऑन शिकवतात का, जरूर विचारा.

वर्ग फक्त मुलींचा आहे का, शिकवणारी बाई आहे की पुरुष, बुरखा-हिजाबला कोणाची हरकत आहे का, नमाजेला दहा मिनिटं मिळतात का, रमजानमध्ये वेळ बदलतात का, संध्याकाळी किती वाजता सुटतं आणि स्टेशनपासून रिक्षा मिळते का, हे विचारायला लाजू नका. ठाणे-दादरचा मोठा क्लास कितीही नावाजलेला असला तरी रोज तीन तास लोकलमध्ये गेले तर मुलगी महिन्याभरात थकते. फोटोंचाही विषय काढा. बहुतेक संस्था विद्यार्थिनींचे व्हिडिओ जाहिरातीसाठी टाकतात, प्रवेशाच्या फॉर्मवर बारीक अक्षरात तशी संमती असते. नको असेल तर ती ओळ खोडून सही करा.

पैसे भरण्याआधी एक दिवस वर्गात बसू द्या म्हणा, मुलीसोबत अम्मी किंवा खाला गेली तर उत्तम. डस्टबिनमध्ये वापरलेल्या फाईल दिसतात का बघा. खोलीत शिरताच डोळे चुरचुरतात का बघा. मागच्या बॅचच्या दोन मुलींचे नंबर मागा आणि त्यांना एकच प्रश्न विचारा, सध्या कुठे काम करतेस? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ लेखी मागा. फी एकरकमी भरू नका. निम्मी सुरुवातीला, उरलेली अर्धा कोर्स झाल्यावर, असं कागदावर घ्या. तास, बॅचमधली संख्या, किटची यादी, परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं नाव आणि मध्येच सोडलं तर किती पैसे परत, या पाच गोष्टी पावतीवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पुढे बिनसलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे तक्रार करताना हाच कागद कामाला येतो.

कोर्स झाल्यावर लगेच गाळा घेण्याच्या मागे लागू नका. घरातल्या एका कोपऱ्यात खिडकीजवळ टेबल, चांगला दिवा, एक लॅम्प, एवढ्यावर सुरुवात होते. स्वतःचं दुकान टाकलंच आणि वीसपेक्षा कमी माणसं असतील तर राज्याच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे ऑनलाइन सूचना दिली की पुरतं. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. बँकेकडून मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळाच्याही योजना आहेत. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको आहे, त्या घरांत भिशीतून किंवा नातेवाइकांच्या कर्ज-ए-हसनातून किट उभं राहतं. पीएम विश्वकर्मा योजनेत मात्र हे काम बसत नाही. त्यातल्या १८ व्यवसायांत न्हावी आहे, नेल टेक्निशियन नाही. त्या योजनेचा फॉर्म भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.